थंड हवा आणि रोग्याचें ताट



महाबळेश्वरचें नांव घेतलें कीं आपणांस तेथील हवा आठवते. रोग्याचें ताट आठवत नाहीं. परंतु या डोंगरावर आरोग्याचा जो उद्योग चालला, त्याचा इतिहास हवेइतकाच अन्नाचाही आहे.

१८२९ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशीं करार करून, वाई भागांतील खंडाळें गांवाच्या मोबदल्यांत हें ठिकाण घेतलें. मैदानांतील तापानें खंगलेल्या गोऱ्या लोकांस साडेचार हजार फुटांवरची थंडी मानवेल, हा हेतु. लवकरच तेथें चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग झाला आणि त्या कैद्यांनीं बटाटे व विलायती भाज्या पिकविल्या. तुरुंग १८६४ त बंद पडला. बागाइताची विद्या मात्र डोंगरावर राहिली.

पुढें शेजारच्या पांचगणीस डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनीं १९१२ मध्यें क्षयरोग्यांसाठीं ‘बेल-एअर’ हें आरोग्यभुवन स्थापिलें. क्षयाच्या जंतूंवर चालणारें औषध त्या काळीं नव्हतें. स्ट्रेप्टोमायसीन सांपडलें तें १९४३ त. म्हणून युरोपांतील अशा आरोग्यभुवनांची भिस्त तीन गोष्टींवर असे : मोकळी हवा, पूर्ण विश्रांति आणि भरपूर पौष्टिक अन्न.

अन्नावर एवढा भर कां? ‘क्षय’ या शब्दांतच उत्तर आहे. ज्वर एक अंश फॅरेनहाइट चढला कीं शरीराचा विश्रांतीच्या वेळचा उष्णतेचा खर्च सुमारें सात टक्क्यांनीं वाढतो. म्हणजे १०३ अंश तापाचा रोगी अंथरुणावर निपचित पडला असला, तरी नेहमींपेक्षां सुमारें तीस टक्के अधिक इंधन जाळीत असतो. आणि नेमकी त्याच वेळीं त्याची भूक मेलेली असते.

दुखापतीचेंही तसेंच. १९३० नंतरच्या दशकांत ग्लासगो येथें डेव्हिड कथबर्टसन यांनीं हाड मोडलेल्या रोग्यांची लघवी तपासली. तींतून जाणारें नत्र एवढें होतें कीं केवळ मोडलेल्या पायाचें मांस झिजून तें येणें शक्य नव्हतें. साऱ्या देहाचेंच मांस वितळत होतें. याच्या उलट निरोगी माणसाचा उपवास. १९४४-४५ त अमेरिकेंत अन्सेल कीज यांनीं ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटीं ठेविलें. त्यांचें वजन सुमारें एकचतुर्थांश घटलें. पण शरीराचा विश्रांतीचा खर्चही सुमारें चाळीस टक्क्यांनीं उतरला. निरोगी देह उपासमारींत काटकसर करितो; रोगी देह उपाशी असूनही उधळपट्टी करितो. म्हणून धडधाकटाला सोसणारा उपास रोग्यास सोसेलच असें नाहीं. आपल्या आयुर्वेदानेंही ज्वरांत लंघनानंतर पेज, मग घट्ट भात असा चढता क्रम सांगितला आहे. घरोघरीं मात्र लंघन तेवढें लक्षांत राहिलें, आणि पुढचा क्रम विसरला गेला.

कोणी म्हणेल, लठ्ठ माणसाजवळ सांठा असतोच कीं! असतो, पण तो मेदाचा. मेदापासून शरीराला स्नायू घडवितां येत नाहींत. लठ्ठ रोग्याचेंही मांस झडतें. वरच्या मेदामुळें तें कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं, इतकेंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं दाखविलें कीं, ते स्वतः व त्यांचे इंग्रज सहकारी यांचें उंचीच्या मानानें वजन अगदीं सारखें असतां, इंग्रज गृहस्थाच्या देहांत मेद नऊ टक्के, तर त्यांच्या देहांत एकवीस टक्के होता. तेव्हां नुसत्या बांध्यावरून कोणाचेंही पोषण ठरवूं नये.

पुढें इतिहासानें एक वळण घेतलें. १९५९ मध्यें मद्रासच्या प्रयोगानें सिद्ध झालें कीं, योग्य औषध घेतल्यास गरीब क्षयरोगी साध्या आहारावर घरींही जवळजवळ तितकाच बरा होतो. आरोग्यभुवनांची गरज सरली, आणि त्यांच्याबरोबर रोग्याच्या ताटाची चिंताही मागें पडली. ती पुन्हा पुढें आली २०२३ त. झारखंडांत क्षयरोग्यांच्या घरांतील माणसांना दरमहा तांदूळ, डाळ व पूरक पोषकद्रव्यें दिलीं, तेव्हां त्यांच्यांत नव्यानें क्षय होण्याचें प्रमाण सुमारें दोन-पंचमांशांनीं घटलें. आणि ज्या रोग्यांचें वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलें, त्यांच्यांत मृत्यू पुष्कळ कमी झाले.

औषध जंतु मारितें. झिजलेला देह भरून काढितें तें अन्न. महाबळेश्वरची हवा प्रत्येकाच्या घरीं आणतां येणार नाहीं. परंतु घरांत कोणी आजारी असतां आठवड्यास एकदां त्याचें वजन पाहणें, आणि ताप उतरतांच वैद्याच्या सल्ल्यानें त्याच्या ताटांत डाळ, दूध, अंडें वाढणें, हें कोणत्याही गांवीं साधण्यासारखें आहे.