मापाची सायकल

आमच्यापैकी एकाने चाळिशी उलटल्यावर एकाच गिअरची सायकल घ्यायचे ठरवले, तेव्हा एका जाणकार स्नेह्याने त्यांना दोन आकडे ठरवायला सांगितले. पहिला सांगाड्याच्या उंचीचा आणि दुसरा गिअरचा. पहिला सहज कळला. दुसरा मात्र 'सहासष्ट इंच' असा निघाला आणि त्या सायकलीत सहासष्ट इंचांची एकही वस्तू नव्हती. भाषा शिकवणाऱ्याला अर्थ हरवलेला शब्द भेटला की तो सोडवत नाही. म्हणून आम्ही या इंचामागे निघालो. हाती लागला तो माप या कल्पनेचाच एक छोटा इतिहास.

हा इंच १८७० च्या दशकातला आहे. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जेम्स स्टार्ली आणि त्यांच्या समकालीनांनी पुढे प्रचंड व मागे चिमुकले चाक असलेली सायकल रूढ केली. तिला साखळी नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असे. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाक मोठे हवे, आणि चाक किती मोठे असावे हे पायाची लांबी ठरवणार. चोपन्न इंची चाक घेतले, तर आसापासून वरच्या कडेपर्यंत सत्तावीस इंच आणि आसाखाली पायडलची सुमारे साडेपाच इंच, एवढे अंतर पायाला पुरवावे लागे. त्या सायकलीत शरीराचे माप आणि गिअर ही एकच गोष्ट होती. उंच माणसाला वेग जन्मतःच मिळे. बुटक्याला तो मिळत नसे आणि पायघोळ झग्यातल्या स्त्रीला तर त्या वाहनाचे दार जवळजवळ बंदच होते.

१८८५ मध्ये जेम्स यांचे पुतणे जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही सायकल बाजारात आणली. जवळजवळ सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला फिरवणारी साखळी, ही तिची रचना. आता पायडलजवळच्या मोठ्या चक्राचे दात आणि मागच्या लहान चक्राचे दात यांच्या प्रमाणावर वेग ठरू लागला. सत्तावीस इंची चाक, पुढे ४४ दात आणि मागे १८ दात असतील, तर २७ गुणिले ४४ भागिले १८, म्हणजे सहासष्ट. याचा अर्थ, ही सायकल सहासष्ट इंच व्यासाच्या उंच चाकासारखी धावेल. तसले चाक खरोखर चालवायचे, तर साडेअडतीस इंचांचा पाय लागला असता. चाक इतिहासजमा झाले, त्याचा इंच मात्र भाषेत राहिला.

शरीराचे माप आणि गिअर यांची फारकत झाली, पण मापाचा प्रश्न सुटला असे नाही. तो कसा उरला, हे ॲनी कोहेन कॉपचॉव्हस्की या स्त्रीच्या पहिल्या सायकलीवरून दिसते. तीन मुलांची ही आई २५ जून १८९४ रोजी बॉस्टनहून जगाच्या प्रदक्षिणेला निघाली, ती सायकल शिकल्याला जेमतेम काही दिवस झाले असताना. 'लंडनडेरी' या पाण्याच्या कंपनीने जाहिरातीपोटी शंभर डॉलर दिले आणि ॲनीने ते नावच आडनाव म्हणून लावले. तिच्याजवळ बेचाळीस पौंडांची कोलंबिया बनावटीची स्त्रियांची सायकल होती. स्त्रियांच्या सायकलीचा सांगाडा झग्यासाठी मधे खाली वाकवलेला असे, आणि ती आडवी दांडी गेल्याने घटलेली मजबुती जाड नळ्यांनी भरून काढावी लागे. थोडक्यात, त्या सायकलीचे माप बाईचे नव्हते, तिच्या झग्याचे होते.

शिकागोला पोहोचायला ॲनीला सप्टेंबर उजाडला. तिथे तिने सायकल बदलली. एकवीस पौंडांची, दांडी असलेली, पुरुषांसाठी बनवलेली स्टर्लिंग सायकल घेतली आणि झग्याऐवजी ब्लूमर घातले. पुढचा प्रवास त्यानंतर शक्य झाला. त्यातला बराच भाग आगबोटीने झाला. भारतात वाघांची शिकार केल्याच्या तिच्या कथा तर निव्वळ रचलेल्या आहेत. साहित्याच्या वाचकाने या कथनाकडे सावधपणेच पाहावे. पण शिकागोतील ती अदलाबदल खरी आहे आणि आमच्या मते त्या साऱ्या प्रवासातला निर्णायक क्षण तोच आहे.

त्या हलकेपणाची किंमतही होती. नव्या सायकलीला गिअर एकच होता आणि ब्रेक नव्हता. पाय थांबवले तरी चाक मोकळे फिरू देणारे फ्रीव्हील तेव्हा रुळले नव्हते. ते १९०० च्या आसपास सर्वत्र पसरले. तोवर चाक फिरे तोपर्यंत पायडल फिरे. उतारावर स्वार पाय उचलून पुढच्या चिमट्यावरच्या आधारावर ठेवीत. आज 'फिक्स्ड' म्हणतात ती सायकल हीच. फ्रीव्हील असलेली एका गिअरची सायकल ही तिची धाकटी बहीण.

आमच्या सहकाऱ्यांना मिळालेला सल्ला या इतिहासाच्या प्रकाशात नीट उलगडला. आधी शरीर पाहावे. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहिल्यावर दांडी आणि जांघ यांत थोडे अंतर उरावे. टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा, म्हणजे चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. मग रस्ता पाहावा. सपाट गावाला साठ ते सत्तर इंचांमधला गिअर पुरतो, चढ असतील तर आकडा खाली आणावा. फिक्स्ड घ्यायची तर वळणावरही पायडल फिरतच राहते हे ध्यानात ठेवून ते जमिनीला घासणार नाही असा सांगाडा निवडावा, आणि पुढचा ब्रेक कधीही काढू नये.

हे ऐकताना आम्हांला आमच्या पहिल्या सायकली आठवल्या. त्याही एकाच गिअरच्या होत्या, पण त्या आमच्या नव्हत्या. त्या वडिलांच्या मापाच्या होत्या. दांडीखालून पाय घालून, अर्धे पायडल मारत आम्ही शिकलो. नवी आलीच तर ती शर्टासारखी वाढत्या अंगाची येई. बहिणींसाठी बिनदांडीची लेडीज सायकल आली ती त्यांची उंची पाहून नव्हे, पोशाख पाहून. मापाला आपण जुळवून घ्यायचे असते, हे त्या सायकलींनी आम्हांला न बोलता शिकवले.

आमच्या सहकाऱ्यांनी अखेर ४४ आणि १८ दातांची जोडी घेतली. मागचे चाक उलटसुलट बसणारे आहे. एका बाजूला फ्रीव्हील, दुसऱ्या बाजूला स्थिर चक्र. चाक अजून त्यांनी उलटवलेले नाही. पण सीट कितीला ठेवू, असे दुकानदाराने विचारले तेव्हा ते क्षणभर गोंधळले. हा प्रश्न त्यांना पंचेचाळीस वर्षांत कोणी विचारला नव्हता.