‘नोकरीवर पाणी सोडलं’ हे इंग्रजीत कसं सांगाल?

कानात इयरफोन घालून पालीच्या स्टॉपवर रत्नागिरीच्या एसटीची वाट बघत असाल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी.

माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत विचारलं, आधीची नोकरी का सोडली? डोक्यात मराठी वाक्य तयार होतं: घरच्या आजारपणामुळे त्या नोकरीवर पाणी सोडावं लागलं. तोंडातून निघालं, ‘आय हॅड टू लीव्ह वॉटर ऑन दॅट जॉब.’ समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. नोकरी गेली ती गेलीच, पुढे कित्येक महिने इंग्रजीत तोंड उघडायचीच भीती बसली. बरं, ‘लीव्ह’ऐवजी ‘पोअर’ म्हटलं असतं तरी पंचाईतच. इंग्रजीत एखाद्या बेतावर थंड पाणी ओतणं म्हणजे लोकांचा उत्साह घालवणं! तिथे साधं ‘गिव्ह अप’ चाललं असतं.

आता ‘गिव्ह’ म्हणजे देणं, ‘अप’ म्हणजे वर. मग वर देणं म्हणजे सोडणं कसं काय? हा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर वाईट वाटून घेऊ नका. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 साली इंग्रजीचा प्रचंड कोश छापला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी कबूलच केलंय, की क्रियापदाला असा छोटा शब्द चिकटला की अर्थ बदलतो आणि परक्या माणसाला हेच सगळ्यात जड जातं. उदाहरणंही दिली: ‘ब्रेक ऑफ’, ‘बेअर आउट’, ‘सेट आउट’, ‘सेट इन’. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच उशिरा, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या 1925 च्या पुस्तकामुळे रुळलं. दुखणं जुनं, नाव नवं.

गंमत म्हणजे या जॉन्सनसाहेबांचा एक जबरदस्त चाहता आपल्या रत्नागिरीत मास्तर होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर! 1874 मध्ये त्यांनी पुण्यात ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिच्यात जॉन्सनचं भलंमोठं चरित्र लिहिलं. जॉन्सनच्या ‘रासेलस’चं भाषांतर वडिलांनी, म्हणजे कृष्णशास्त्रींनी सुरू केलं होतं, ते विष्णुशास्त्रींनी पुरं केलं. पुढे सरकारी नोकरीत त्यांची बदली रत्नागिरीच्या हायस्कुलात झाली.

खरं सांगू? त्यांची लांबच लांब वाक्यं वाचताना इंग्रजीची बांधणी जाणवते, दमायला होतं. पण शब्दाला शब्द लावून त्यांनी मराठी लिहिली नाही. अर्थ उचलला आणि मराठीच्या म्हणी-वाक्प्रचारांत ओतला. आपल्याला हेच उलट्या दिशेनं करायचंय. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्यांनी असंच घासलं: सुटे शब्द पाठ नाहीत, आख्खं वाक्य इकडून तिकडे. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना आठवत असेल.

आणि मराठीतही हा प्रकार आहेच की. ‘बोलून टाक’ म्हणतो तेव्हा आपण काय फेकतो? ‘रुसून बसली’ ती उभी असली तरी बसलेलीच असते!

करून बघूया. जूनमध्ये आभाळ भरतं, सरी सुरू होतात आणि मग पाऊस हलायचं नाव घेत नाही. ‘द रेन स्टार्टेड’ म्हटलं तर ते बरोबर, पण पुळचट. जॉन्सनच्या यादीतलं ‘सेट इन’ घ्या: ‘द रेन हॅज सेट इन.’ सुरू झालंय आणि आता मुक्कामच आहे, असा अर्थ. कोकणातल्या पावसासाठीच बनवलंय जणू! पण एखादी सर येऊन गेली तर तिथे ‘सेट इन’ वापरू नका.

आता शास्त्रीबुवांकडे परत. 1879 मध्ये त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. 1 जानेवारी 1880 ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, सोबतीला टिळक, म्हणजे रत्नागिरीतच जन्मलेले. तर वाक्य असं: ‘चिपळूणकरांनी सरकारी नोकरीवर पाणी सोडलं आणि पुण्यात शाळा काढली.’ ‘ही रिझाइन्ड’ एवढ्यावर भागतं, पण त्यात सोडल्याची धग येत नाही. माझं वाक्य: ‘ही गेव्ह अप अ गव्हर्नमेंट जॉब अँड सेट अप अ स्कूल इन पुणे.’

‘गेव्ह अप’च्या जागी ‘वॉक्ड अवे फ्रॉम’ घालून मोठ्यानं म्हणून बघा. स्टॉपवरचे लोक बघतील, बघू देत. एसटीला अजून वेळ आहे.