ब्रश कटर सुरू होतो, पण चालू राहत नाही : दोष कसा शोधावा?

पावसाळा सरत आला की आंबा-काजूच्या बागांत आणि बांधांवर गवत काढण्याची एकच घाई होते. नेमका त्याच वेळी ब्रश कटर त्रास देतो. दोरी ओढली की सुरू होतो, थोडा वेळ चालतो आणि बंद पडतो. अशा वेळी बरेच जण लगेच नवा प्लग आणतात किंवा कार्बोरेटरच बदलून घेतात. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. यंत्र सुरू होत आहे, म्हणजे ठिणगी पडत आहे आणि पिस्टन पुरेसा दाब धरत आहे. त्यामुळे आधी पेट्रोल इंजिनपर्यंत नीट पोहोचते का, हवा आत जाते का आणि धूर बाहेर पडतो का, हे पाहावे. त्यासाठी स्वतःला एक प्रश्न विचारा : यंत्र नेमके केव्हा बंद पडते?

तपासणीपूर्वी इंजिन थंड होऊ द्या. पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढून ठेवा. टाकी उघडताना जवळपास विडी, चूल किंवा शेकोटी नसावी.

चोक उघडताच बंद पडतो

चोक लावलेला असेपर्यंत चालतो आणि उघडला की बंद होतो, याचा अर्थ इंजिनला पेट्रोल कमी पडत आहे किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरत आहे. टाकीत पेट्रोलच्या नळीच्या टोकाला छोटा फिल्टर असतो. तारेचा आकडा करून तो बाहेर काढा. काळा, चिकट किंवा कडक झाला असेल तर बदला. त्याची किंमत फार नसते. त्याच वेळी नळी वाकवून पाहा. जुनी नळी कडक होऊन चिरते आणि पेट्रोलबरोबर हवा ओढते. कार्बोरेटरजवळचा रबरी फुगा दाबला असता नुसते बुडबुडेच येत राहिले, तर नळीत चीर आहे किंवा जोड सैल आहे असे समजावे. कार्बोरेटरचे नट कंपनाने ढिले होतात, तेही आवळून घ्या.

हा दोष अंगावर काढू नका. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये पिस्टनला लागणारे ऑइल पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल कमी पोहोचले की ऑइलही कमी पोहोचते, इंजिन तापते, पिस्टनवर ओरखडे पडतात आणि शेवटी तो जाम होतो. मग फिल्टरच्या जागी पिस्टन-सिलिंडरचा खर्च करावा लागतो. चोक अर्धा ठेवून दिवसाचे काम उरकणे म्हणूनच महागात पडते.

पाच-दहा मिनिटांनी बंद पडतो, थांबल्यावर पुन्हा सुरू होतो

टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र किंवा झडप असते. ती धूळ-चिखलाने बुजली की पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली येईनासे होते. यंत्र बंद पडताक्षणी झाकण हळूच सैल करा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि यंत्र लगेच सुरू झाले, तर दोष झाकणाचा. ते साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून बसवा.

झाकण ठीक असेल तर उष्णतेकडे वळा. ओले गवत सिलिंडरच्या पट्ट्यांत आणि पंख्याच्या जाळीत अडकते, वारा लागत नाही. आवरण काढून ते साफ करा. तरीही गरम झाल्यावरच बंद पडत असेल आणि त्या क्षणी ठिणगी मिळत नसेल, तर कॉइल तपासून घ्यावी. ही तपासणी मेकॅनिककडूनच करावी. उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी पाडून पाहणे धोक्याचे असते.

स्लोवर चालतो, रेस दिली की दम सोडतो

प्रथम एअर फिल्टर. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा. फिल्टर काढून टाकून यंत्र चालवू नका, धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. काही यंत्रांत सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ऑइल जास्त टाकले की ती काजळीने भरते आणि धूर कोंडतो. तारेच्या ब्रशने ती साफ होते. आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गार्ड काढून टाकलेला असेल तर नायलॉन दोरी हवी तेवढी लांब राहते आणि इंजिनवर जादा भार येतो. दोष इंजिनात शोधला जातो आणि तो असतो दोरीत.

चाकांचे गवत कापणी यंत्र किंवा पॉवर वीडर फोर-स्ट्रोक असेल आणि उतारावर बंद पडत असेल, तर यंत्र सपाट जागी ठेवून ऑइलची पातळी पाहा. काही इंजिनांत ऑइल कमी झाल्यावर इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असतो.

पेट्रोलचा कॅन तपासा

आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळी हवेत अर्धवट भरलेला, झाकण सैल असलेला कॅन बरेच दिवस ठेवला तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. टाकीतील थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल वापरू नका. इथेनॉलमुळे जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचा पातळ पडदाही लवकर कडक होतो.

दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच मिश्रण करावे. ऑइलचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवा : ५०:१ सांगितले असेल तर एक लिटरला २० मिलि, ४०:१ ला २५ मिलि, २५:१ ला ४० मिलि. बाटलीच्या झाकणाने अंदाजे माप घेण्यापेक्षा दहा रुपयांची सिरिंज बरी. फोर-स्ट्रोक ब्रश कटरच्या पेट्रोलमध्ये ऑइल अजिबात मिसळू नये. शेजाऱ्याकडून यंत्र आणताना हे आधी विचारून घ्या. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटत नाही.

एवढे करूनही फरक पडला नाही तर कार्बोरेटर उघडून साफ करण्याची किंवा त्याचा पडदा बदलण्याची वेळ आली आहे. त्यावरचे एल आणि एच अक्षरांचे स्क्रू अंदाजाने फिरवू नका. मेकॅनिककडे जाताना वापरातले पेट्रोल बाटलीतून सोबत न्या आणि यंत्र चोक उघडताच, तापल्यावर की रेस दिल्यावर बंद पडते, हे त्याला सांगा.