काळ्या कोळशाचे निर्मळ काम

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ या म्हणीने मराठी मनात कोळशाची प्रतिमा कायमची डागाळून ठेवली आहे. मानवाच्या इतिहासात मात्र याच काळ्या पदार्थाने साखर, औषध, पाणी आणि श्वासाची हवा शुद्ध करण्याचे काम केले. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल अशा जड धातूंनी महानगरांचे पाणी बाधित होऊ लागल्यावर या जुन्या सेवकाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष नव्याने वळले. त्याच्याकडून काय साधते आणि काय साधत नाही, हे त्याच्या इतिहासातूनच नीट उमगते.

शुद्ध पाण्याची चिंता आपल्याकडे प्राचीन आहे. गढूळ पाणी निवळण्यासाठी निवळीच्या बियांचा उपयोग सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. घरोघरी पाणी वस्त्रगाळ होई, त्यात तुरटी फिरवली जाई. एकावर एक मडकी रचून वाळू आणि कोळशाच्या थरांतून पाणी झिरपवण्याची रीतही अनेकांच्या परिचयाची आहे. या उपायांचा रोख मुख्यतः डोळ्यांना दिसणाऱ्या मळावर होता. पाण्यात विरघळलेले शिसे मात्र दिसत नाही, त्याला वास नसतो, ते फडक्यातून सहज निसटते. पाणी उकळल्यानेही ते जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते.

कोळशाच्या शक्तीचा शास्त्रीय शोध अठराव्या शतकात सुरू झाला. कोळसा वायू धरून ठेवतो, हे कार्ल शेले यांनी १७७३ मध्ये नोंदवले. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे तोबियास लोव्हिट्झ यांना आढळले की, कोळशामुळे द्रावणाचा रंग नाहीसा होतो. पुढे साखर कारखानदारांनी हा गुण उचलला. १९००-०१ च्या सुमारास राफाएल फॉन ऑस्ट्रेयको यांनी तप्त कोळशावर वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून त्याची छिद्रे वाढवण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले आणि सक्रिय कोळशाच्या उद्योगाचा पाया घातला गेला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत तो भरला गेला. अमेरिकेत त्यासाठी नागरिकांकडून फळांच्या कोया व कवचे गोळा करण्यात आली.

या शक्तीचे रहस्य छिद्रांत आहे. एक ग्रॅम सक्रिय कोळशाचे अंतर्गत क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरू शकते, म्हणजे कबड्डीची सुमारे साडेसात मैदाने! या पृष्ठभागावर पदार्थ चिकटून राहतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात.

दिल्लीला या विद्येची गरज का भासली, हे यमुना सांगते. १,३७६ किलोमीटर लांबीच्या या नदीचा वझीराबाद ते ओखला हा केवळ २२ किलोमीटरचा पट्टा तिच्या प्रदूषणाचा सर्वांत मोठा भार वाहतो. एकेकाळची साहिबी नदी आज नजफगड नाला म्हणून वझीराबाद बंधाऱ्याच्या खाली तिला मिळते. धातूंवर मुलामा देणे, पोलाद आम्लात धुणे अशा व्यवसायांच्या सांडपाण्यातून जड धातू वाहत येतात आणि नदीच्या गाळात साचतात. ८ जुलै १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ घातक उद्योग बंद करण्याचा वा अन्यत्र हलवण्याचा आदेश दिला, तो या शहराच्या पर्यावरण-इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय.

सक्रिय कोळसा क्लोरीन, दुर्गंधी व सेंद्रिय द्रव्ये उत्तम टिपतो. धातूंच्या बाबतीत मात्र त्याच्या पृष्ठभागावर अनेकदा वेगळे संस्कार करावे लागतात. येथे जैवकोळसा, म्हणजेच बायोचार, उपयोगी पडतो. भाताचा पेंढा, तूस किंवा लाकडाची साल अत्यल्प प्राणवायूत साधारण ३०० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवली की तो मिळतो. त्यातील कार्बोनेट व फॉस्फेट क्षारांशी शिशाची न विरघळणारी संयुगे बनतात. या संशोधनात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे प्रा. दिनेश मोहन यांचे नाव ठळक आहे. लाकूड व साल यांच्या कोळशाने आर्सेनिक, कॅडमियम आणि शिसे टिपण्याचा त्यांचा व सहकाऱ्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये जैवकोळशाने होणाऱ्या जलशुद्धीचा विस्तृत आढावा आला. शेतात पेंढा जाळण्याला जैवकोळसा हा पर्याय ठरू शकतो, हा विचारही त्यांनी २०१८ मध्ये मांडला. ज्या पेंढ्याच्या धुराने दरवर्षी दिल्लीचा श्वास कोंडतो, तोच पेंढा तिच्या पाण्याच्या उपयोगी पडावा, ही कल्पना मोठी आशादायक आहे.

तरीही कोळसा म्हणजे सर्वरोगहारी मात्रा नव्हे. पाणी फार आम्लयुक्त असेल, तर शिसे व कॅडमियम धरण्याची त्याची क्षमता घटते. आर्सेनिकसाठी त्यावर लोहाचा लेप देणे लाभते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे; इतकी सूक्ष्म मर्यादा पाळली गेली की नाही, हे चवीने नव्हे, तपासणीनेच कळते. म्हणून घरच्या यंत्रातील कोळशाच्या नळकांड्याने पाण्याचा वास गेला, एवढ्यावरून धातूही गेले असे पालकांनी मानू नये.

शाईचे पाणी कोळशाच्या भुकटीतून गाळून रंगहीन करण्याचा प्रयोग शाळांमध्ये मुलांना विस्मित करतो. त्या वेळी एखादे मूल विचारते, ‘‘बाई, रंग गेला कुठे?’’ सगळ्या जलशुद्धीचा कस लावणारा हा प्रश्न आहे. सेंद्रिय रंग जळून वा कुजून नष्ट होऊ शकतो, धातू होत नाही. तो पाण्यातून कोळशात जातो, एवढेच. असा कोळसा शेतात टाकला तर धातू मातीत उतरेल, जाळला तर राखेत वा धुरात जाईल, आम्लाने धुतला तर त्या आम्लात येईल. म्हणून घातक कचऱ्याप्रमाणे त्याची अखेरची व्यवस्था आधीच ठरलेली हवी, आणि त्याहीपूर्वी कारखान्याच्या दारातच धातू रोखला गेला पाहिजे. या शाळेतून बाहेर पडलेले अभियंते, अधिकारी, उद्योजक आणि गृहिणी जिथे जिथे पाण्याचा निर्णय घेतील, तिथे तिथे त्यांनी हाच प्रश्न विचारावा: काढलेले विष ठेवले कुठे?