गादीवाफा (परसबागेतील)

भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच व माथ्यावर सपाट असा मातीचा वाफा. रोपवाटिकेत मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपे अशाच वाफ्यांवर वाढवतात. हळदीची लागवडही त्यावर होते. परसबागेत त्याची खरी गरज भासते ती पावसाळ्यात. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, पाने पिवळी पडतात आणि कोवळी रोपे मातीलगत कुजून कोलमडतात. गादीवाफ्यावरून जादा पाणी निथळून जाते.

रुंदी ९० ते १२० सेंमी. ठेवावी, जास्त नकोच. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, कारण वाफ्यावर पाय पडला की भुसभुशीत माती दबते आणि सारा खटाटोप वाया जातो. पालेभाज्यांना १५ ते २० सेंमी. उंची पुरते, मुळा-गाजराला ३० सेंमी. बरी. लांबी जागेप्रमाणे. तळची जमीन आधी कुदळीने खणून मोकळी करावी, मग माती व शेणखत मिसळून भरावे. शेणखत पूर्ण कुजलेलेच हवे. अर्धकच्च्या खतातून हुमणीच्या अळ्या वाफ्यात येतात. कडेला विटा, फळ्या किंवा कोकणात जांभ्याचे चिरे लावतात. कड नसली तरी चालते, मात्र बाजू उतरत्या ठेवाव्यात.

उन्हाळ्यात हा वाफा लवकर सुकतो, म्हणून पालापाचोळ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन आवश्यक. पाण्याची टंचाई असलेल्या कोरड्या भागात उन्हाळी भाजीसाठी सपाट वाफाच सरस ठरतो.