नेपाळ : लुंबिनीला जाण्याआधी समजून घ्यावा असा देश

जळगाव-धुळ्याहून लुंबिनीला जाणारे उपासक-उपासिका बहुधा पोखरा-काठमांडूही पाहून येतात. तरुण मंडळी ट्रेकिंगला जातात. त्यांच्यासाठी ही थोडक्यात माहिती.

भूगोल आणि रस्ता

नेपाळला समुद्रकिनारा नाही. उत्तरेला तिबेट, बाकी तिन्ही बाजूंना भारत. दक्षिणेला तराईचे मैदान, मध्ये डोंगररांगा, वर हिमालय. लुंबिनी तराईत आहे. भुसावळहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सुमारे ९५ किलोमीटरवर सोनौली सीमा आणि पुढे साधारण २५ किलोमीटरवर लुंबिनी. इथपर्यंत घाट लागत नाही. घाट सुरू होतो तो बुटवलनंतर.

२३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस तनहुं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ जणांचा मृत्यू झाला. त्यांतले बहुतेक वरणगाव, तळवेल या भुसावळ परिसरातले. पार्थिवे वायुसेनेच्या विमानाने जळगावला आणावी लागली. त्याआधी १२ जुलैला चितवनमधील सिमलताल येथे दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या आहेत.

इतिहास आणि समाज

लुंबिनीचा अशोकस्तंभ १८९६ मध्ये पुन्हा उजेडात आला. इथे बुद्धांचा जन्म झाला म्हणून सम्राट अशोकाने गावाचा कर कमी केला, असे त्यावरील लेख सांगतो. १९९७ मध्ये लुंबिनी जागतिक वारसा यादीत आली.

बुद्धांच्या या जन्मभूमीतच १८५४ च्या मुलुकी ऐनने जातिव्यवस्थेला राज्याचा कायदा बनवले. जंगबहादूर राणाच्या काळातल्या या संहितेने समाजाची उतरंड ठरवली. वर तागाधारी म्हणजे जानवे घालणारे, मग मतवाली म्हणजे मद्य पिणारे, आणि तळाला ‘ज्यांचे पाणी चालत नाही’ असे लोक. एकाच गुन्ह्याची शिक्षा जातीनुसार वेगळी असे. राणा राजवटीने १९४४ मध्ये थेरवादी भिक्खूंना देशाबाहेर काढले.

नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले, तेव्हा हा कायदा लागूच होता. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ हे त्यांचे भाषण तिथलेच. त्यानंतर काही दिवसांतच, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

१९६३ च्या नव्या ऐनने कायद्यातली जातीची उतरंड काढली. २००८ मध्ये राजेशाही गेली. २०१५ च्या संविधानाने अस्पृश्यतेविरुद्धचा हक्क मूलभूत मानला. तरीही मे २०२० मध्ये पश्चिम रुकुममध्ये आंतरजातीय प्रेमसंबंधावरून जमावाने केलेल्या हल्ल्यात सहा तरुणांचा जीव गेला. सोनई आणि खर्डा आठवणाऱ्यांना हे परके वाटणार नाही.

साहसी पर्यटन

२९ मे १९५३ रोजी तेन्झिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. तेव्हापासून या व्यवसायाचा भार मुख्यतः शेर्पा समाज वाहतो, आणि हा समाज बहुसंख्येने बौद्ध आहे. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातात हिमस्खलन होऊन १६ जणांचा मृत्यू झाला. ते सगळे गिर्यारोहकांसाठी राबणारे नेपाळी कामगार होते. शिखराचे फोटो आपण पाहतो, दोर बांधणारी माणसे मात्र फोटोत क्वचितच दिसतात.

जाताना लक्षात ठेवा

- भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा.
- जून ते सप्टेंबर घाटाचा प्रवास टाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम.
- घाटात रात्रीचा प्रवास नको. लांबच्या टप्प्याला दोन चालक आहेत का, हे पैसे भरण्याआधीच विचारा.
- अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. डोकेदुखी, उलटी सुरू झाली तर वर चढू नका. त्रास वाढला तर लगेच खाली उतरा.
- ट्रेकला परवानाधारक वाटाड्या घ्या. हमालावर जास्त ओझे लादू नका आणि ठरलेली मजुरी पूर्ण द्या.

लुंबिनीत वंदना करून लगेच परतू नका. तिथल्या दलित वस्तीत, विहारात थोडा वेळ बसा, लोकांशी बोला. बाबासाहेबांचे नाव काढलेत, तर बोलायला विषय शोधावा लागणार नाही.