फ्रीमेसनांचा बंधुसंघ

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यांत मार्कंडा नांवाचें क्षेत्र आहे. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा तेथें उत्तरेकडे वळते, आणि त्या वळणावर जुन्या दगडी देवळांचा समूह उभा आहे. लोक त्यास कौतुकानें विदर्भाचें खजुराहो म्हणतात. महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. देव कोणता हें यात्रेकरूंस ठाऊक असतें. हा दगड कोणाच्या छिन्नीनें बोलका झाला, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. ज्या हातांनीं देऊळ उभारलें त्यांची कांहींच आठवण राहिली नाहीं, हें शल्य आम्हांस तेथें उभें असतां नेहमीं जाणवलें आहे.

युरोपांतील गवंड्यांची कथा मात्र निराळी आहे. तिकडील प्रचंड प्रार्थनामंदिरांचें बांधकाम वर्षानुवर्षें चाले. त्या जागेवर गवंडी एक छपरी घालीत. तींत हत्यारें ठेवीत, विसावा घेत व नवशिक्यांस विद्या देत. या छपरीस ते लॉज म्हणत. स्कॉटलंडांतील गवंड्यांत एक गुप्त संकेतशब्द प्रचलित होता; परक्या गांवीं गेलेला कारागीर तो सांगून आपली ओळख पटवी. पुढें मोठीं बांधकामें कमी झालीं, आणि सतराव्या शतकांत या मंडळ्यांत असे गृहस्थ येऊं लागले कीं ज्यांनीं जन्मांत कधीं थापी हातीं धरली नव्हती. इलायस अ‍ॅशमोल हा विद्वान १६४६ सालीं अशाच एका लॉजांत प्रविष्ट झाला. लंडनमधील चार लॉजांनीं एकत्र येऊन १७१७ च्या २४ जून रोजीं पहिलें महालॉज स्थापिलें, असें परंपरा सांगते. अलीकडील कांहीं संशोधक हा प्रसंग १७२१ चा मानतात. १७२३ सालीं जेम्स अँडरसन यानें संघाचा नियमग्रंथ प्रसिद्ध केला, आणि दगड घडविणाऱ्यांचा संघ माणूस घडविणाऱ्यांचा म्हणून नव्यानें उभा राहिला.

या संघाचीं तत्त्वें गवंड्याच्या हत्यारांवरूनच समजावून दिलीं जातात. गुण्या म्हणजे वर्तनाचा सरळपणा. कंपास म्हणजे वासनांस घातलेली मर्यादा. ओळंबा म्हणजे मनाचा ताठपणा. आणि पाणसळ म्हणजे सर्व माणसें एका पातळीवर आहेत याची आठवण. उमेदवार, कारागीर आणि उस्ताद अशा तीन पायऱ्या सभासदास चढाव्या लागतात. बंधुप्रेम, दुःखितांस साहाय्य आणि सत्य हीं तीन ब्रीदें होत. प्रवेशास ईश्वरावर श्रद्धा लागते. पण तो ईश्वर कोणत्या धर्माचा, हें विचारलें जात नाहीं. त्यास ‘विश्वाचा थोर शिल्पकार’ एवढेंच म्हणतात, आणि शपथ ज्यानें त्यानें आपल्या धर्मग्रंथावर घ्यावयाची असते. लॉजांत धर्म व राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई आहे. ज्या काळीं युरोपांत पंथभेदावरून रक्त सांडून फार दिवस झाले नव्हते, त्या काळीं हा नियम किती मोलाचा वाटला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

तत्त्व सांगणें सोपें; तें पाळणें कठीण. या कठीणपणाची खरी परीक्षा आपल्या देशांत झाली. कलकत्त्यास १७३० च्या सुमारास आणि मुंबईस १७५८ सालीं लॉजें निघालीं; पण तीं गोऱ्या अधिकाऱ्यांचीं व व्यापाऱ्यांचीं. सर्व माणसें एका पातळीवर, असें लॉजांत म्हणावयाचें आणि दाराशीं आलेल्या हिंदी मनुष्यास परत लावावयाचें, असा हा प्रकार होता. मुंबईचे माणेकजी कर्सेटजी हे सुशिक्षित पारशी गृहस्थ. मुलींच्या शिक्षणासाठीं १८६३ सालीं अलेक्झांड्रा शाळा काढणारे ते हेच. त्यांस मुंबईच्या लॉजांत प्रवेश मिळाला नाहीं. तेव्हां त्यांनीं युरोपच्या प्रवासांत पॅरिस येथील एका लॉजांत दीक्षा घेतली. एकदां दीक्षा झाली म्हणजे बंधु तो सर्वत्र बंधु, असा नियम. तरी परत आल्यावरही मुंबईचें दार उघडलें नाहीं.

या वेळीं डॉ. जेम्स बर्न्स हे पुढें आले. हे कंपनी सरकारचे वैद्य असून पश्चिम हिंदुस्थानांतील स्कॉटिश लॉजांचे प्रमुख होते. त्यांचे दोन भाऊ, अलेक्झांडर व चार्ल्स, १८४१ च्या नोव्हेंबरांत काबूलच्या दंग्यांत मारले गेले होते. ज्याच्या घरावर असा घाला पडला, त्या मनुष्याचें मन पूर्वेकडील लोकांविषयीं कडवट झालें असतें तरी त्यास कोणी नांव ठेविलें नसतें. परंतु त्यांनीं उलट मार्ग धरला. १८४३ च्या १५ डिसेंबर रोजीं त्यांनीं मुंबईंत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हें लॉज, हिंदी लोकांस मोकळें असावें या हेतूनेंच, स्थापिलें. माणेकजी त्यांत आले. मागोमाग दुसरे पारशी व मुसलमान गृहस्थही आले. पारशी धर्मग्रंथांचे थोर अभ्यासक खरशेदजी रुस्तमजी कामा यांनीं या संघांत पन्नास वर्षें पूर्ण केलीं, तेव्हां १९०७ सालीं जीवनजी जमशेदजी मोदी यांनीं संपादिलेला एक ग्रंथ त्यांच्या गौरवार्थ निघाला.

हिंदूंची वाट याहूनही लांबली. हिंदु अनेक देव मानतो, मग एका शिल्पकारावर त्याची श्रद्धा कशी असेल, आणि जातीबाहेर पाणी न पिणारा बंधु तरी कसा होईल, असे आक्षेप घेतले गेले. प्रसन्नकुमार दत्त यांनीं कलकत्त्यास १८६३ सालीं अर्ज केला. त्यांस प्रवेश मिळाला तो १८७२ सालीं. नऊ वर्षें या गृहस्थानें धीर सोडला नाहीं. त्याच कलकत्त्यांत १८८४ सालीं नरेंद्रनाथ दत्त नांवाच्या तरुणास दीक्षा मिळाली. हेच पुढें स्वामी विवेकानंद झाले. आक्षेपांपैकीं पहिला अज्ञानाचा होता. दुसरा मात्र आम्हांस लाजविणारा होता, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे.

संघाच्या दानधर्माची परंपरा जुनी आहे. लंडनमधील दंतवैद्य रुस्पिनी यांनीं १७८८ सालीं सभासदांच्या निराधार मुलींकरितां शाळा काढली. विधवा, अनाथ व वृद्ध यांस साहाय्य देणें, शाळा व रुग्णालयें यांस मदत करणें, हें काम ठिकठिकाणच्या लॉजांनीं चालविलें. १९६१ च्या २४ नोव्हेंबर रोजीं हिंदुस्थानचें स्वतंत्र महालॉज स्थापन झालें व रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान त्याचे पहिले प्रमुख झाले.

तरीही लोकांचा संशय फिटला नाहीं. बंद दार, संकेत, शपथा यांमुळें उत्तरेकडील लोकांनीं लॉजास जादूघर असें नांव दिलें. युरोपांत पोपनें १७३८ सालींच निषेध केला, आणि हिटलरच्या राज्यांत तर लॉजें बंद पाडण्यांत आलीं. या संशयांतील बराचसा भाग निराधार आहे. पण एक आक्षेप आम्हांस खरा वाटतो. जेथें स्त्रियांस बहुतेक लॉजांत आजही प्रवेश नाहीं, आणि जेथें दरिद्री मनुष्य दान घेण्यास येतो पण आसनावर बसण्यास येत नाहीं, तें बंधुत्व अपुरें आहे.

हा विचार मनांत आला म्हणजे आम्हांस मार्कंड्याहून आणखी दूर, भामरागडच्या अरण्याकडे पाहावेंसें वाटतें. वरोऱ्याजवळ १९४९ सालीं बाबा आमटे यांनीं महारोग्यांसाठीं आनंदवन वसविलें. त्यांनीं केवळ औषध दिलें नाहीं. समाजानें टाकलेल्या हातांस काम दिलें, आणि त्याच हातांनीं तेथील शेतें व घरें उभीं राहिलीं. पुढें १९७३ च्या २३ डिसेंबर रोजीं हेमलकसा येथें माडिया गोंडांच्या सेवेचें कार्य सुरू झालें, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तें वाहिलें. त्या प्रकल्पास नांव दिलें ‘लोकबिरादरी’. बिरादरी म्हणजे भाऊबंदकीच. परंतु हिच्यांत शिरण्यास संकेतशब्द लागत नाहीं. आरंभीं तर दवाखान्यास भिंतीही नव्हत्या. झाडाखालीं रोगी तपासले जात. दारच नाहीं, तेथें तें बंद कोण करणार?

यावरून फ्रीमेसनांचें कार्य फुकट गेलें असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या काळीं एका मेजाशीं बसणें हाच अपराध होता, त्या काळीं बर्न्स व माणेकजी यांनीं एक दार उघडलें, हें उपकारच होत. मात्र ओळंबा व पाणसळ हीं हत्यारें भिंतीवर टांगून ठेवण्यासाठीं नसतात. मार्कंड्याच्या अनामिक पाथरवटांनीं आपलीं हत्यारें झिजविलीं. म्हणूनच देऊळ उभें राहिलें. बंधुत्वाचें मंदिरही तसेंच उभें राहील, दुसऱ्या कशानें नाहीं.